वॉकर २५ इंच, दार २४ : खुबा मोडलेल्या माणसाला घरी आणताना

मागच्या मे महिन्यात, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना, रात्री अडीचच्या सुमाराला आई कूलरमधून झिरपलेल्या पाण्यावर घसरली आणि तिचा उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाडात नेल (धातूची सळई) बसला, मग जवळपास तीन आठवडे ती एका रिहॅब सेंटरमध्ये होती. तिथल्या लांब, सपाट, दोन्हीकडे कठडे असलेल्या हॉलमध्ये ती वॉकर घेऊन झकास चालायला लागली. शनिवारी दुपारी फोन आला, "सोमवारी घेऊन जा." आम्ही सगळे खूश. सोमवारी संध्याकाळी ती नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आली, संडासाकडे निघाली आणि दारातच अडकली. वॉकर २५ इंच रुंद, दार २४ इंच.

आई रडवेली होऊन म्हणाली, "तिथं तर मी मस्त जाऊन राहिली होती बाई."

खरंच जात होती. पण तिथल्या संडासाचं दार तीन फुटी होतं. सेंटरमध्ये माणूस सेंटरच्या फरशीवर चालायला शिकतो. आपल्या घरातला उंबरठा, बाथरूमची पायरी, बुटका दिवाण, जिन्याचं वळण यातलं काहीच तिथे नसतं. म्हणून सुट्टीची तारीख कळायची वाट न बघता, घराची मापं सेंटरला घेऊन जायची आणि घरी जे करावं लागणार आहे त्याची तालीम तिथेच, फिजिओच्या डोळ्यांदेखत करून घ्यायची. आम्ही हे उलट केलं. तुम्ही सुलट करा.

आधी हे विचारा: आत काय बसवलंय आणि पायावर किती वजन द्यायचं

"खुब्याचं ऑपरेशन" हे एक ऑपरेशन नाही. हाड कुठे मोडलंय त्यावरून कुणाला नेल किंवा प्लेट-स्क्रू बसतो, कुणाचा नुसता गोळा बदलतात, कुणाचा अख्खा सांधा. घरचे नियम त्यावर ठरतात. गोळा किंवा सांधा बदलला असेल तर तो निखळू नये म्हणून सर्जन बऱ्याचदा काही आठवडे पथ्य सांगतात: कंबर काटकोनापेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, कुशीवर झोपताना दोन्ही पायांत उशी. नेल बसलेल्यांना सहसा ही बंधनं नसतात. पण आमच्या शेजारच्या काकूंचा गोळा बदललेला होता, त्यामुळे त्या रोज येऊन आईला त्यांचे नियम शिकवायच्या, आणि आई घाबरून वाकायलाच तयार नव्हती. उलटं झालं असतं तर जास्त वाईट झालं असतं. म्हणून दुसऱ्याचं ऐकू नका, स्वतःच्या सर्जनला विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न वजनाचा. "सहन होईल तेवढं पूर्ण वजन", "थोडंसंच", आणि "फक्त पंजा टेकवायचा" या तीन वेगवेगळ्या सूचना आहेत. यातली कोणती, आणि कधीपर्यंत, हे स्पष्ट कळल्याशिवाय घरी चालवू नका. पूर्ण वजनाची परवानगी असताना "कशाला धोका" म्हणून झोपवून ठेवणं हाही धोकाच आहे. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पाठीला जखमा आणि स्नायूंचा ऱ्हास हे सगळं मागोमाग येतं. आपल्याकडे आराम म्हणजे माया असं समजतात. इथे ती माया आवरावी लागते.

टेप घ्या आणि घरभर फिरा

हे काम घरातल्या एकाच माणसाने एका संध्याकाळी करावं. सोबत वही घ्या. रोग्याचा पूर्ण दिवस डोळ्यांपुढे आणा आणि त्याच क्रमाने चाला: पलंगावरून उठणं, संडास, तोंड धुणं, चहा, आंघोळ, जेवण, देवाला नमस्कार, दुपारची झोप, रात्रीचा संडास. त्या वाटेवरचं सगळं मोजा.

दारं मोजताना चौकटीची रुंदी मोजू नका. पल्ला पूर्ण उघडून, पल्ल्याच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत जी मोकळी जागा उरते ती मोजा. उघडा पल्लासुद्धा दीड इंच खातो. मग सेंटरला जाऊन वॉकरची सगळ्यात रुंद जागा, म्हणजे मागच्या दोन पायांमधलं बाहेरून बाहेरचं अंतर मोजा. जुन्या फ्लॅटमध्ये संडास-बाथरूमची दारं दोन फुटांचीच असतात आणि बहुतेक वॉकर त्याच्या आसपास किंवा त्याहून थोडे मोठे असतात. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत तर दार अरुंद, वर उंच उंबरठा आणि संडास अंगणापलीकडे, अशी तिहेरी गंमत असते.

उंची मोजायची ती पलंगाची, खुर्चीची आणि संडासातल्या भांड्याची. रोगी बसला की गुडघे कमरेपेक्षा खालीच राहिले पाहिजेत. त्यासाठी जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर मोजा आणि बैठक त्याहून इंच-दोन इंच वर ठेवा. साधारण उंचीच्या माणसाला १८ ते २० इंच लागतात. गादी दबते, म्हणून पलंग मोजताना कुणाला तरी वर बसवून मोजा. हॉलमधला दिवाण आमच्याकडे १४ इंचांचा निघाला.

शिवाय उंबरठे, बाथरूमच्या पायरीची उंची, जिन्याच्या पायऱ्या किती, कठडा चढताना कोणत्या हाताला आहे, तो वळणावर तुटतो का. आमच्या १८ पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा चढताना डावीकडे आणि मधल्या वळणावर चार पायऱ्या कठड्याविना. या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा. फिजिओला शंभर शब्द सांगण्यापेक्षा एक फोटो बरा पडतो.

संडास आणि बाथरूम: सगळा वेळ इथे द्या

माझं आता असं ठाम मत आहे की घर तयार झालं की नाही हे संडासावरून ठरवावं. बाकी गोष्टी चार दिवस उशिरा झाल्या तरी चालतात.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर निदान तीन महिने त्यावर उकिडवं बसण्याचा विषय नाही, पुढेही सर्जनने सांगितल्याशिवाय नाही. सोपा उपाय म्हणजे भांड्यावर ठेवायचा लोखंडी कमोड-स्टूल. धंतोली-रामदासपेठेतल्या किंवा मेडिकल चौकाजवळच्या सर्जिकलच्या दुकानांत तो मिळतो, भाड्यानेही मिळतो. घेताना चारही पायांची रबरी बुडं तपासा, हाताला दांडे आहेत का बघा, आणि दुकानातच स्वतः बसून, एका बाजूला झुकून बघा. डुगडुगला तर घेऊ नका. पायरीसारख्या उठलेल्या पावठ्यांवर एखादा पाय येतोय का, हे घरी ठेवून बघावं लागतं. इंग्लिश संडास असेल तर तो बहुधा बुटका असतो. त्यावर चार-पाच इंच उंची वाढवणारी सीट बसवता येते, पण ती स्क्रूने आवळणारी घ्या, नुसती ठेवायची नको.

मी सुरुवातीला चाकांची कमोड-खुर्ची आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, ही बेस्ट, खोलीतच होऊन जाते." तिचे ब्रेक ओल्या फरशीवर धरत नव्हते. आई दोन्ही हात टेकवून उठायला गेली आणि खुर्ची मागे सरकली. मी मागेच उभी होते म्हणून निभावलं. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोड-खुर्ची हवीच असेल तर बिनचाकांची घ्या.

भिंतीला धरायचे दांडे ठोकून घ्या. प्लंबर टाइलवर चिकटणारे, व्हॅक्यूमचे दांडे दाखवतो. ते शोभेचे. उठताना माणूस सगळं वजन त्या दांड्यावर टाकतो, म्हणून तो विटांच्या भिंतीत अँकर फास्टनरनेच (आत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टनेच) बसवायला हवा, आणि बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने लोंबकळून बघायला हवा. कुठे ठोकायचा हे मनाने ठरवू नका. रोगी कमोडवर बसला की त्याचा कोणता हात कुठे जातो, ते सेंटरमध्ये बघा आणि त्या जागी खूण करा. नळ आणि टॉवेलची दांडी यांना धरू नये असं लाख सांगितलं तरी हात तिकडे जातोच, म्हणून खरा दांडा त्यांच्या अलीकडे हवा.

दार. आमच्याकडे सुताराने संडासाचा पल्लाच काढला, पडदा लावला. दीड इंच मोकळं झालं आणि वॉकर घासत का होईना, आत गेला. पण सुतार पुढच्या रविवारी आला. मधले सहा दिवस आईने खोलीत, पडद्याआड, कमोड-खुर्चीवर काढले. पहिले दोन दिवस तिने पाणी पिणंच बंद केलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याबद्दल पुढे.

पल्ला ठेवणार असाल तर तो बाहेर उघडणारा करून घ्या आणि आतली कडी काढून टाका. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाने अडतं.

आंघोळीला पाठ असलेली, रबरी बुडांची खुर्ची आणि हातातला शॉवर किंवा बादली उंच पाटावर. साबण दोरीला बांधून गळ्यात किंवा दांड्याला अडकवा, कारण खाली पडलेला साबण उचलायला वाकणं हा हमखास अपघात आहे. जखमेचे टाके निघेपर्यंत पाणी कसं घालायचं ते नर्सकडून शिकून घ्या.

बाकीचं घर

बुटका पलंग उंच करायचा तर लाकडी ठोकळे किंवा विटा चालतात, पण प्रत्येक पायासाठी खाच पाडलेला ठोकळा घ्या, नुसता ठेवलेला सरकतो. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं ती बाजू मोकळी ठेवा. संडास त्याच बाजूला असेल तर उत्तम, नसेल तर पलंग फिरवा.

खुर्ची हाताची, जड आणि ताठ पाठीची. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात आणि सोफ्यात माणूस रुततो. सतरंज्या, पायपुसणी, गुंडाळलेल्या चटया उचला. देवघर जमिनीलगत असेल तर देव टेबलावर हलवा. आईने त्याला दोन दिवस नकार दिला, मग स्वतःच म्हणाली की देवालाही उंचावरून बरं दिसतं.

कूलर हा नागपूरचा खास विषय. वायर चालण्याच्या वाटेवर नको, खाली ट्रे ठेवा, पाणी भरायची नळी दुपारभर फरशीवर पडलेली नको. पंप चालू असताना फरशीवर ओल धरते, आणि जून उजाडून हवा दमट झाली की ती सुकतच नाही. खोलीत आई असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर हवा, आत चाकांवर नको.

रात्री पलंगापासून संडासापर्यंतचा दिवा चालू राहू द्या. पायात मागून बंद, खालून रबरी चप्पल किंवा बूट. साडीचा घोळ आणि गाऊनची लांबी घोट्याच्या वर आणून टाका घाला. बाबांची लुंगी असेल तर तीच गोष्ट. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पहिले काही आठवडे वॉकरच्या वाटेत तो येणार नाही अशी सोय करा.

तालीम

निदान चार-पाच दिवस आधी फिजिओला मापं, फोटो दाखवा आणि सांगा, "आम्हाला हे असं करावं लागणार आहे, हे इथे करून दाखवा." चांगला फिजिओ यावर खूश होतो. टाळाटाळ झाली तर पुन्हा मागा, हा तुमचा हक्क आहे.

तालमीत काय काय यावं? घरच्याच उंचीच्या बैठकीवरून उठणं-बसणं. उठताना वॉकर ओढायचा नाही, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून उठायचं आणि मग वॉकर धरायचा. आईला हे सांगून सांगून फिजिओ थकला होता. शेवटी त्याने तिचे हात दांड्यांवर ठेवून वरून स्वतःचे हात ठेवले, "आजी, आता उठा बरं." तेव्हा समजलं. उंबरठा ओलांडणं: आधी वॉकर पलीकडे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. वॉकर आडवा करून अरुंद दारातून जाणं जमत असेल तर तेही इथेच ठरवा. घरी प्रयोग नकोत.

जिना असेल तर जिना चढल्या-उतरल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. नियम एवढाच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असते, हे अनेकांना पटत नाही, पण तसंच असतं. आमच्या चार बिनकठड्याच्या पायऱ्यांसाठी फिजिओने सांगितलं की तिथे भिंतीला दांडा लावा, तोपर्यंत आईला दोघांनी खुर्चीत बसवून न्या. जिना जमतच नसेल तर तळमजल्यावर नातेवाइकांकडे महिनाभर राहण्याचा विचार करा. त्यात कमीपणा नाही.

घरच्यांचीही तालीम हवी. उठताना हात बगलेत घालून ओढायचं नाही, कमरेला पट्टा किंवा दुपट्टा बांधून तो धरायचा. आधार देणारा रोग्याच्या दुखऱ्या बाजूला, किंचित मागे उभा राहतो. हे एकदा स्वतः करून बघा, कारण रात्री दोन वाजता आठवावं लागेल.

माणसं

आधी घरातल्या माणसांची खरीखुरी मोजणी करा. "आम्ही आहोत ना" म्हणणाऱ्यांपैकी रात्री कोण उठणार? माझा भाऊ पुण्याला. त्याचं प्रेम रोज फोनवर येत होतं आणि पैसेही आले, पण रात्री अडीचला पुण्याहून कुणी येत नाही. तेव्हा जो जवळ आहे त्याच्यावर काम आणि जो लांब आहे त्याच्यावर खर्च, ऑनलाइन औषधं, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट आणि महिन्यातून एक आठवडा स्वतः येऊन राहणं, अशी वाटणी करा. हे तोंडी ठरत नाही, व्हॉट्सॲपवर लिहून ठरवा.

मावशी किंवा अटेंडंट ठेवणार असाल तर १२ तास की २४ तास, कोणत्या कामांचे पैसे, सुट्टी कधी, बदली कोण देणार हे आधीच लिहा. एजन्सीकडून आलेल्या बाईने वॉकरने कुणाला चालवलं आहे का विचारा. बऱ्याच जणी प्रेमाने उचलून नेतात, ते आपल्याला नको. तिला सुट्टीच्या आधी एक दिवस सेंटरला घेऊन जा आणि फिजिओकडून शिकवून घ्या. आमच्या मावशी शिकल्या आणि पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा चांगल्या चालवायला लागल्या.

पैशांबद्दल एक गोष्ट. ७० वर्षं आणि त्यावरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या सरकारी योजना भरती होऊन होणाऱ्या उपचारासाठी आहेत. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. तो खर्च वेगळा धरा. सुट्टी होण्याआधीच रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर बसलेल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

कागद आणि गोळ्या

सुट्टीच्या दिवशी गर्दीत समजत नाही, म्हणून आदल्या दिवशी मागा: डिस्चार्ज समरी, एक्स-रे किंवा त्याची सीडी, आत बसवलेल्या इम्प्लांटचा स्टिकर. हा स्टिकर जपा, पुढे एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन लागलं तर तोच विचारतात.

गोळ्यांमध्ये रक्त पातळ करणाऱ्या औषधाची शेवटची तारीख लिहून घ्या. बहुतेकदा चार-पाच आठवडे चालतं, पण तुमच्या रोग्याला किती, हे सर्जन सांगतील. आमच्या समरीत सुरू केल्याची तारीख होती, बंद करायची नव्हती. फोन केला तर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. चौथ्यांदा सर्जननी स्वतः सांगितलं. वेदनेच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत आहे का बघा. आणि पूर्वीची जुनी औषधं, म्हणजे झोपेची गोळी, बीपीची, शुगरची, ही सगळी दाखवून विचारा की यातल्या कशाने चक्कर येऊ शकते. पडण्यामागे पाणी जितकं, तितकीच झोपेची गोळीही असू शकते.

घरी नेण्याचा दिवस

सकाळी न्या. संध्याकाळी पोहोचलं की पहिली रात्र अंधारात, अर्धवट सामानात सुरू होते. वेदनेची गोळी निघण्याच्या साधारण अर्धा-एक तास आधी दिली तर प्रवास सुसह्य होतो.

गाडी असेल तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि पाठ थोडी कलती करा. सीटवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी पसरा. रोग्याने सीटकडे पाठ करून आधी बसायचं, मागे सरकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवीमुळे अंग सहज वळतं. आत बसलं की पिशवी काढून टाका. ऑटोत चढवू नका, त्याची पायरी उंच, वर धक्के. रुग्णवाहिका हवी असेल तर आधी विचारा की जिन्यातून खुर्ची नेणारे दोन माणसं सोबत येतील का, कारण स्ट्रेचर आपल्या जिन्याच्या वळणावर फिरत नाही. वाटेत कुणाला भेटायला थांबू नका.

आणि हो, त्या संध्याकाळी पाहायला येणाऱ्यांना नाही म्हणा. पेढे नंतर.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या रात्री दोन माणसं घरात हवीत. पलंगाजवळ घंटी किंवा मोबाइल, पाण्याची बाटली, चष्मा, टॉर्च. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं, घोटे दहा वेळा हलवायचे, चक्कर येत नाही ना बघायचं, मग उठायचं. आई उठायची घाई करायची, आणि मला झोपेत तिचं "मी जाऊन येतो" ऐकू आलं की धस्स व्हायचं.

पाण्याचं सांगते. संडासाला जाण्याच्या त्रासापोटी म्हातारी माणसं पाणी कमी करतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, चक्कर, आणि कधी कधी अचानक बुद्धिभ्रम. आमच्याकडे चौथ्या दिवशी आईने मला "तू कोण गं?" विचारलं. डॉक्टरांनी तपासलं, लघवीत संसर्ग निघाला, औषध आणि पाण्याने तीन दिवसांत साफ झालं. म्हणून दिवसभराचं पाणी बाटलीत मोजून ठेवा, ताक, लिंबू सरबत, वरणाचं पाणी चालतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारा. माणूस अचानक वेगळं बोलायला लागला तर "वय झालं" म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा.

जेवणात प्रथिनं हवीत: दोन्ही वेळा घट्ट वरण, दूध-दही, अंडी खात असाल तर रोज, पनीर, फल्लीदाणे. तोंडाला चव नसते, तेव्हा थोडं थोडं पाच वेळा द्या. ठेच्याबरोबर भाकर मागितली तर तेवढा हट्ट पुरवा.

फिजिओ घरी आठवड्यातून दोन-तीनदा तरी येऊ द्या. तो गेल्यावर त्याचे व्यायाम दिवसातून तीनदा करणं हेच खरं काम आहे. खुर्चीतून उठणं-बसणं आईने पहिल्या दिवशी चार वेळा केलं, तिसऱ्या आठवड्यात बारा वेळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज स्वतः आकडा लिहायची, मी लिहिलेला तिला चालायचा नाही.

ऑपरेशननंतर टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, सहाव्या आठवड्याच्या आसपास एक्स-रे होतो. वॉकर सोडून काठी कधी घ्यायची हे तेव्हा ठरतं, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नाही. सगळेच पूर्वीसारखे चालू लागतात असं नाही, आणि सुधारणा वर्षभरही चालू राहते.

केव्हा थांबायचं नाही

पोटरी एका पायाची सुजली, दुखते, गरम लागते. अचानक धाप, छातीत दुखणं. खुब्यात किंवा जांघेत एकदम तीव्र वेदना, पाय आखूड वाटणं किंवा बाहेर फिरलेला, वजनच देता येत नाही. जखमेतून पू, ताप. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना काळी शौच किंवा रक्त. बेशुद्ध होणं. धाप, छातीत दुखणं आणि बेशुद्ध होणं यांसाठी थेट १०८, बाकीसाठी त्याच दिवशी सर्जन. टाचा आणि माकडहाड रोज बघा, लाल डाग पडून तो दाबल्यावर फिका होत नसेल तर जखमेची सुरुवात समजा.

दुसरा खुबा

उभ्या माणसाने साधं घसरून खुबा मोडणं हे हाडं ठिसूळ झाल्याचं लक्षण आहे. आत नेल घातला म्हणजे हाडांचा आजार गेला असं नाही, आणि दुसरा खुबा मोडण्याचा धोका राहतोच. पण सुट्टीच्या गडबडीत ही गोष्ट मागे पडते, आमचीही पडली. सर्जनला स्पष्ट विचारा: "हाडं मजबूत करण्याचं औषध कोणतं आणि कधी सुरू करायचं?" व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, किडनीचा तपास झाल्यावर आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन असे पर्याय असतात. आठवड्याची गोळी असेल तर ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास सरळ बसायचं, नाहीतर अन्ननलिका भाजू शकते. सोबत डोळे तपासून घ्या. आईच्या चष्म्याचा नंबर चार वर्षांपूर्वीचा होता.

तिला ते वर्षाचं इंजेक्शन मिळालं. पुढची तारीख आम्ही दोघींनी कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे, आणि तिच्या खाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "कूलरचा ट्रे बदलणे."